एक टेकडी देणे आहे

पणजोबांना लोक कुदळबुवा म्हणत, कारण एक कुदळ, एक फावडे आणि न थकणारी पाठ यांखेरीज त्यांच्यापाशी काही नव्हते. आजोबांना वरवंटा म्हणत. त्यांनी बैलजोडीमागे लोखंडी फळी बांधली आणि जे जे उंच दिसले ते ते वाटून काढले. वडिलांना पाणसळ म्हणत. त्यांनी यंत्रे आणली, आणि गवंडी ज्या बुडबुड्यावरून पातळी पाहतो तो बुडबुडा या गृहस्थाच्या डोळ्यातच बसवलेला आहे अशी त्यांची ख्याती होती. तीन पिढ्यांनी अशा रीतीने पृथ्वीवरचे उंचवटे कमी करीत आणल्यावर चौथ्या पिढीला त्या घरात चिमणी जन्मली.

चिमणी हे तिचे लाडाचे नाव. आता ती चाळिशीला आली होती, दारात उभी राहिली तर मागचा उजेड अडत असे, आणि वीस टनांचे पोकलेन ती असे फिरवी की जणू तव्यावर उलथने फिरते आहे. तरीही वडील हाक मारीत ती "चिमणे" अशीच, आणि तीही सगळ्या कामगारांदेखत.

घरात यंत्रांनाही नाती होती. पोकलेनला जाऊबाई म्हणत, कारण तिचा हात दुसऱ्याच्या अंगणापर्यंत पोचे. बुलडोझर म्हणजे आत्याबाई. समोर काय आहे हे न पाहता पुढे जाण्यात तिचा हातखंडा. डंपर हा जावई: भरून न्यायचा आणि रिकामा परत यायचा. जमिनीवरून लांब पाते फिरवणारा ग्रेडर हा मामंजी, कारण त्याला बारीकसारीक खपत नसे. आणि रोलर म्हणजे सासूबाई. त्याचे कारण सांगायची गरज कोणाला पडली नाही.

या घराण्याचे दोन नियम होते. पहिला नियम झेंड्यांचा. जमिनीच्या कोपऱ्यांवर तांबडे झेंडे रोवायचे. झेंड्यांच्या आत जे येईल ते सपाट, मग प्रश्न विचारायचा नाही. दुसरा नियम पाण्याचा. काम संपले की मधोमध उभे राहून तांब्याभर पाणी ओतायचे. नकाशात जिकडे उतार दाखवला आहे तिकडेच ते एका धारेने गेले तर काम पक्के. पाणी भांबावले, दोन दिशांना पाहू लागले, तर काम कच्चे. "पाण्याला विचारल्याशिवाय जमीन सोडायची नाही," असे कुदळबुवांचे वाक्य होते, आणि त्यांचे झिजलेले फावडे कचेरीच्या भिंतीवर त्या वाक्याची साक्ष देत लटकत असे.

सगळ्या यंत्रांच्या किल्ल्यांचा जुडगा मात्र अण्णांच्या, म्हणजे पाणसळांच्या, कमरेला होता. रोज सकाळी चिमणीने तो मागायचा आणि रोज संध्याकाळी परत करायचा. शेवटी एकदा ती म्हणाली, "अण्णा, मी काय यंत्रं घेऊन पळून जाणार आहे? ताशी चार मैल वेगानं?"

अण्णा म्हणाले, "मालगाड्या उभ्या राहायच्या तळाचं काम आलंय. झाडोरा काढायचा, जमीन उतारात आणायची. मुदत बारा दिवस. मी तिकडे फिरकणार नाही. बाराव्या दिवशी तळ तयार असेल, तर जुडगा कायमचा तुझा. नसेल, तर यंत्रं विकून टाकू आणि तू मला रोज वर्तमानपत्र वाचून दाखव."

"कबूल," चिमणी म्हणाली. वर्तमानपत्र वाचून दाखवण्यापेक्षा डोंगर फोडणे सोपे, हे तिला अनुभवाने माहीत होते. अण्णा प्रत्येक बातमीशी भांडत.

पहिल्या दिवशी पाचही यंत्रे ओळीने निघाली. तळाच्या जागेच्या एका अंगाला ओढा होता आणि त्यावरचा पूल सायकलच कशीबशी पेलणारा. दुसऱ्या अंगाला एक खाजगी आवार होते, त्यातून एक रुंद वाट जात होती, आणि त्या वाटेच्या फाटकात एक खुर्ची होती. खुर्चीत ऐंशीच्या पुढच्या एक बाई छत्री उघडून, चष्मा लावून पुस्तक वाचीत बसल्या होत्या.

चिमणी खाली उतरली. "नमस्कार. जरा खुर्ची बाजूला घेतली तर यंत्रं जातील."

बाईंनी पान पुरे केले, खूण घातली आणि वर पाहिले. "वरवंट्याची नात ना तू? चालण्यावरून ओळखलं. जमिनीवर उपकार केल्यासारखं चालता तुम्ही सगळे."

"तुम्ही आमच्या आजोबांना ओळखत होता?"

"त्यांना ओळखत होते आणि तुझ्या बापाला भूगोल शिकवत होते. दोन्ही अनुभव सारखेच." असे म्हणून बाईंनी पुस्तकातली खूण काढून तिच्या हाती दिली. तो एक पिवळा पडलेला कागद होता. त्यावर लिहिले होते: 'बाईंना एक टेकडी देणे आहे. उंची दोन पुरुष व एक हात. पाणी तिन्ही बाजूंस जावे.' खाली आजोबांची सही होती. ती खोटी असणे शक्य नव्हते. सहीखालची रेघ पट्टीने आखलेली होती.

"हे काय आहे?" चिमणीने विचारले.

"तुला वाचता येतं ना? की घरात तेही सपाट केलंय?" बाई म्हणाल्या. "चोपन्न वर्षांपूर्वी इथे या आवारात टेकडी होती. सगळ्या मुलखात एकच. तुझ्या आजोबांना शेजारची जागा सपाट करायची होती. त्यांनी माझी टेकडीही केली. मी शाळेतून परत आले तर अंगण नुसतं ताटासारखं! पुढे तीस वर्षं मी परातीत वाळूचा ढीग करून मुलांना टेकडी शिकवली. या गावातली दोन पिढ्यांची माणसं अशी आहेत, की त्यांना उतार म्हटलं की घसरगुंडीच आठवते."

"बाई, मला बारा दिवसांत—"

"मला चोपन्न वर्षांत. आधी माझी टेकडी, मग तुझी वाट. खोदणारं एक यंत्र आत येईल, वाहणारं एक आणि ढकलणारं एक. सपाट करणारी दोन्ही फाटकाबाहेर राहतील. एकदा ठेच लागली मला."

म्हणून जाऊबाई, जावई आणि आत्याबाई आत गेल्या, आणि मामंजी व सासूबाई रस्त्याच्या कडेला ताटकळत उभ्या राहिल्या. ग्रेडर चालवणारा उस्ताद हा म्हातारा माणूस होता. तीस वर्षांत त्याला कोणी दाराबाहेर थांबवले नव्हते. तो स्टिअरिंगवर हनुवटी टेकून म्हणाला, "ताई, टेकडी करायला असं काय लागतं? माती टाकली की झाली."

तसेच चिमणीलाही वाटले. तळाच्या जागेतली जास्तीची माती तिला नाहीतरी कुठेतरी लांब नेऊन टाकायचीच होती. जाऊबाईने माती उकरली, जावयाने पंचेचाळीस खेपा केल्या, आत्याबाईने ढकलली. थरावर थर, प्रत्येक थरावर आत्याबाईच्या चार फेऱ्या. दुसऱ्या दिवशी दुपारी टेकडी उभी राहिली आणि बाईंनी छत्री टेकीत तिला प्रदक्षिणा घातली.

"हे पठार आहे," बाई म्हणाल्या.

चिमणीने पाहिले. खरेच. वरचा भाग कॅरमच्या बोर्डासारखा झाला होता; चारी कडा एकसारख्या, चारी कोपरे काटकोनात. तिने तसे करायचे ठरवले नव्हते. हात आपोआप तसे वळले होते. चार पिढ्यांची सवय ती. अंगावरचा शर्टही या घरात कोणी चुरगळलेला घालीत नसे.

"पुन्हा करते," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी माथा निमुळता केला. बाईंनी पुन्हा फेरी मारली. "सुंदर. आत कोणत्या राजाला पुरलंय?"

"बाई, टेकडी म्हणजे उंच जागा. ही उंच आहे!"

"उंट पण उंच असतो. पाणी ओत."

चिमणीने माथ्यावर उभे राहून तांब्या उपडा केला. कसलेल्या हाताने केलेला तो सुळका. पाणी सवयीने एकाच धारेने, एकाच बाजूने, शिस्तीत खाली उतरले आणि पायथ्याशी उभे राहिले. घराण्याच्या नियमाप्रमाणे काम पक्के होते. बाईंनी मान हलवली.

"टेकडीवर पाणी वाटलं जातं, मुली. एक धार माझ्या विहिरीकडे जायची, एक रस्त्याकडे आणि एक ओढ्याकडे. मुलं तिघांच्या गटात उभी राहायची, आपापल्या धारेला ओरडून पळवायची. तेवढ्यानं पाणलोट शिकवून व्हायचा. दहापैकी तीन गुण."

"तीन कशाचे?"

"दोन मेहनतीचे. एक उर्मटपणे बोलली नाहीस त्याचा."

त्या संध्याकाळी चिमणी घरी आली ती तोंड पाडून. नऊ दिवस उरले होते, तळावर अजून एक झुडूपही निघाले नव्हते. स्वयंपाकघरात आई पीठ चाळीत होती आणि अण्णा शेजारी बसून गुडघा चोळीत होते. तळाचे काम निघाल्यापासून त्यांचा गुडघा फारच दुखत होता.

"अण्णा, बाईंची टेकडी कशी होती?" तिने सरळ विचारले.

अण्णांचा हात गुडघ्यावर थांबला. "कोण बाई?"

"भूगोलाच्या."

"आहेत अजून?" अण्णांचा आवाज आठ वर्षांच्या मुलासारखा झाला. "रागावल्या का? माझ्याबद्दल काही म्हणाल्या?"

"तुम्ही आणि आजोबा सारखेच, असं म्हणाल्या. अण्णा, आजोबांची चिठ्ठी पाहिली मी. टेकडीचा आकार माहीत असल्याशिवाय ती होणार नाही, आणि ती पाहिलेलं माझ्या ओळखीचं एकच माणूस आहे. ते माणूस तीन दिवस गुडघा चोळतंय, आणि तोही दर वेळी वेगळा."

अण्णांनी गुडघा सोडला. त्यांनी आईपुढची परात ओढून घेतली.

"माझं पीठ!" आई म्हणाली.

अण्णांनी ऐकले नाही. दोन्ही हातांनी त्यांनी पिठाचा ढीग केला, पण तो ढीग नव्हता. एका अंगाला कुबड आले, त्याखाली खळगा, खळग्यातून वळत गेलेली घळ. दुसरीकडे उतार इतका मंद की झोप यावी. माथ्याच्या जरा खाली त्यांनी अंगठा दाबला. "इथे दगड होता. त्यावर बाई बसायच्या. या बाजूनं गडगडत आलं की विहिरीच्या कठड्याला पाय टेकायचे. इथून मात्र जायचं नाही, काटे." सपाट जमिनीवर ज्यांनी जन्म काढला त्या माणसाची बोटे उंचसखलावरून अशी फिरत होती की चिमणी पाहतच राहिली. पिठावर एकही सरळ रेघ नव्हती.

"इतकं कसं लक्षात राहिलं तुमच्या?"

अण्णा हातांचे पीठ झटकू लागले. मग म्हणाले, "झेंडा मी लावला होता."

"कसला?"

"चौथा झेंडा बाबांनी मला लावायला दिला. जागेच्या कोपऱ्यावर लावायचा होता. पण तिथे वारा नव्हता, चिमणे! झेंडा लोंबत होता नुसता. म्हटलं, टेकडीवर छान फडकेल. लावला आणि शाळेत गेलो. बाबांनी झेंडा पाहिला. आपला नियम तुला माहीत आहे. झेंड्याच्या आत आलं ते सपाट, प्रश्न नाही. मी परत आलो तेव्हा टेकडी गेलेली, आणि बाबा बाईंना चिठ्ठी लिहून देत होते. म्हणाले, माझी चूक झाली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही."

"आणि तुम्ही?"

"मी सातवीपर्यंत भूगोलात पहिला आलो," अण्णा म्हणाले. "दुसरं काय करणार होतो?"

आईने परात अलगद स्वतःकडे घेतली, पण ढीग मोडला नाही. त्या रात्री घरात भातावर भागले.

चौथ्या दिवशी सकाळी अण्णा परात मांडीवर घेऊन, वरून टॉवेल झाकून, आत्याबाईच्या आसनावर जाऊन बसले. फाटकापाशी त्यांनी बाईंकडे पाहिले नाही. बाईंनीही पुस्तकातून डोके काढले नाही. त्यांनी फक्त खुर्ची चार बोटे सरकवली.

ज्या माणसाच्या डोळ्यात बुडबुडा बसवला होता त्याने त्या दिवशी तो बुडबुडा मुद्दाम हलवला. "डावीकडे सांडू दे! सांडू दे म्हणतो ना! सरळ नको करू!" अण्णा ओरडत, आणि जाऊबाईवर बसलेली चिमणी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा वेडीवाकडी माती टाकत होती. तिला हसू आवरत नव्हते. फाटकाबाहेर मामंजीवर बसलेल्या उस्तादाला मात्र हे पाहवेना. त्याने तोंड फिरवून घेतले. दोनदा तिने नकळत कड नीट केली आणि दोनदा बापाची बोलणी खाल्ली.

माथ्याखाली जाऊबाईने अलगद एक दगड नेऊन ठेवला. सूर्य उतरण्याआधी बाईंनी टेकडीला सावकाश फेरी मारली. दगडाकडे पाहताना त्यांनी छत्री मिटली.

"वाट मोकळी," त्या म्हणाल्या. "पण चिठ्ठी आत्ता मिळणार नाही. ताजा ढीग आणि ताजा जावई, दोघांना आठ दिवस बसू द्यावं, मग मोजावं."

मग जे आठ दिवस गेले त्यांची हकीकत उस्ताद अजून सांगतो. मामंजी आणि सासूबाई फाटकातून अशा आत शिरल्या की जणू मानपान राहून गेला होता. झाडोरा निघाला, मुळे उपटली, खड्डे भरले. जास्तीची माती लांब वाहून नेण्याचे निम्मे काम टेकडीने आधीच गिळले होते, त्यामुळे गेलेले चार दिवस जवळजवळ भरून निघाले. बाराव्या दिवशी सकाळी चिमणीने तळाच्या मधोमध पाणी ओतले. ते जरासुद्धा न भांबावता, नकाशात दाखवले होते तसे, गटाराकडे चालू लागले. तळाच्या साहेबांनी सही केली. यंत्रे घरच्या वाटेला लागली.

अण्णांनी कमरेचा जुडगा सोडून मुलीच्या हातात दिला आणि म्हणाले, "हा घे. कचेरीतलं फावडं आणि एक पाटी मात्र मी घेऊन आलोय. चल, बाईंकडे जाऊ."

"फावडं कशाला?"

"माती बसते, चिमणे. तू हिशेब धरून उंच केलीस, मी पाहिलं. पण आठ दिवसांत ती किती बसेल हे तिचं तिला माहीत."

बाईंनी काठी तयार ठेवली होती. दोन पुरुष व एक हात उंचीची, खुणा केलेली. पायथ्याशी काठी उभी धरून चिमणी, माथ्यावरून काठीपर्यंत आडवी दोरी ताणून अण्णा, मध्ये बाई चष्मा पुसत. मोजले. टेकडी एक वीत कमी भरली.

"एक वीत," बाई म्हणाल्या.

यंत्रे केव्हाच लांब गेली होती. चिमणीने जुडगा उचलला. "मी जाऊबाईला परत बोलावते."

"नको," अण्णा म्हणाले. त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, पायथ्याची माती कुदळबुवांच्या फावड्याने पाटीत भरली आणि डोक्यावर घेऊन चढू लागले. बासष्ट वर्षांचा माणूस, मंद उताराच्या बाजूने, काटे आता नसूनही काट्यांची बाजू टाळून. चिमणी मदतीला पुढे झाली तर बाईंनी छत्रीची मूठ तिच्या आडवी धरली. "तू बस. तुझा गृहपाठ झालाय. हा त्याचा."

एकोणतीस पाट्या झाल्या. दर पाटीनंतर अण्णा पायाने माती चोपीत. तिसाव्या पाटीला काठीची खूण आणि माथा एक झाले. अण्णा घामाने निथळत दगडाजवळ आले, आणि बाईंसमोर हात मागे बांधून उभे राहिले.

"बाई, तो झेंडा बाबांनी नव्हता लावला. मी लावला होता."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "काठीला तुझ्या दप्तराचा पट्टा बांधलेला होता. त्यावर तुझं नाव होतं, आणि ते चुकीचं लिहिलेलं होतं."

अण्णांनी मागे बांधलेले हात सोडले. "मग तुम्ही चोपन्न वर्षं बोलला का नाहीत?"

"प्रश्न मी विचारला होता. उत्तर विद्यार्थ्यानं द्यायचं असतं. बापानं लिहून दिलेलं उत्तर मी तपासत नाही." मग त्यांनी तांब्या त्यांच्यापुढे धरला. "आता ओत."

अण्णांनी माथ्यावर पाणी ओतले. क्षणभर ते तिथेच गोल फिरले, या घराण्याने ज्याला चार पिढ्या कच्चे काम म्हटले तसे भांबावले, दोन दिशांना पाहिले, तीन दिशांना पाहिले. आणि फुटले. एक धार कुबडावरून रस्त्याकडे निघाली, एक मंद उताराने ओढ्याकडे, आणि तिसरी घळीतून वळसे घेत विहिरीकडे.

"पळ, पळ!" अण्णा विहिरीच्या धारेला ओरडले, आणि ज्या गुडघ्याने दोन आठवडे घर डोक्यावर घेतले होते तो गुडघा विसरून तिच्याबरोबर धावत सुटले. चिमणी ओढ्याच्या धारेमागे लागली. रस्त्याकडची धार एकटीच चालली होती, म्हणून बाईंनी छत्री वर करून जागेवरूनच तिला दरडावले.

तिन्ही धारा पोचल्या. कोणाची आधी पोचली यावरून बापलेकीत वाद झाला, तो बाईंनी "गप्प बसा दोघं" म्हणून मिटवला. मग त्या दगडावर बसल्या, पुस्तकातून पिवळा कागद काढला, गुडघ्यावर ठेवला आणि आजोबांच्या आखलेल्या रेघेखाली, स्वतःच्या ठसठशीत अक्षरात लिहिले: 'टेकडी पावली. उंची पूर्ण. पाणी तिन्ही बाजूंस. काही देणे राहिले नाही.'